गाण्याला तिकीट लावणारा आपल्या मातीतला गवई : पंडित विष्णू दिगंबर पलुसकर

मिरज : ऑगस्ट महिना आला की आपल्या भागानं एका माणसाची आठवण काढायलाच पाहिजे. १८ ऑगस्ट १८७२ ला ते कुरुंदवाडला जन्मले आणि २१ ऑगस्ट १९३१ ला मिरजेत गेले. या दोन गावांतलं अंतर मोटारसायकलनं तासाभराच्या आतलं. पण मधल्या ५९ वर्षांत हा माणूस पार लाहोरपर्यंत जाऊन आला, आणि हिंदुस्थानात गवयाकडं बघायची लोकांची नजर बदलून टाकली. त्यांचं नाव पंडित विष्णू दिगंबर पलुसकर.

आज गावातलं एखादं पोरगं गाण्यावर पोट भरायचं म्हणालं तर घरचे काळजीत पडतात. सव्वाशे वर्षांपूर्वी काय परिस्थिती असेल, विचार करा. तरी या माणसानं गाण्यावर स्वतःचं घर चालवलं, शेकडो शिष्यांना उभं केलं, आणि शेवटी कर्जात इमारतही घालवली. कमाई आणि कर्ज अशा दोन्ही बाजूंनी हे चरित्र वाचण्यासारखं आहे.

गाव पलूस, जन्म कुरुंदवाड

घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. मूळ गाव पलूस, म्हणून पलुसकर. आज पलूस हे सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण आहे. द्राक्षं, ऊस आणि किर्लोस्करवाडी यामुळं ते सगळ्यांना ठाऊक. पण पलूस हे नाव देशभर पोचवलं ते या गायकानं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं.

वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. कुरुंदवाड तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. कीर्तन म्हटलं की घरात अभंग, पदं, टाळ, मृदंग आलंच. पोराच्या कानावर सूर पाळण्यापासून होते. पण त्याला गवई करायचं असं काही घरच्यांच्या मनात नव्हतं. पोरगं शाळेत जात होतं, शिकून सवरून कुठं तरी नोकरीला लागेल अशीच वाट होती.

नरसोबाच्या वाडीतला तो फटाका

कुरुंदवाडच्या शेजारी नरसोबाची वाडी. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, दत्ताचं जागृत ठाणं. दत्तजयंतीला तिथं आजही माणूस मावत नाही. अशाच एका दत्तजयंतीच्या उत्सवात लहानग्या विष्णूच्या तोंडाजवळ फटाका उडाला. चेहरा भाजला, डोळ्यांना इजा झाली. जीव वाचला, पण नजर कायमची अधू झाली.

आजही आपण अवघड आजाराला मिरजच गाठतो. विष्णूला उपचाराला मिरजेला नेलं. डोळे पूर्ण बरे होणार नाहीत हे कळून चुकलं. पुस्तकात डोकं घालून शिकणं आता अवघड होतं. पोराचा आवाज चांगला होता, म्हणून त्याला गाणं शिकवावं असं ठरलं. मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांनी आधार दिला.

डोळे गेल्यावर घरात किती रडारड झाली असेल ते आपण समजू शकतो. शिक्षण बंद म्हणजे पोराचं आयुष्य संपलं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण पुढचा सगळा रस्ता त्याच अपघातातून निघाला.

बुवांच्या घरची नऊ वर्षं

मिरजेत तेव्हा पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणण्याचं मोठं श्रेय बुवांना जातं. बुवांनी ही विद्या वासुदेवबुवा जोशींकडून घेतली, आणि वासुदेवबुवांनी ती ग्वाल्हेरच्या हस्सू खाँकडून. म्हणजे खाँसाहेबांच्या घरातली विद्या जोशी, इचलकरंजीकर अशी फिरत फिरत आपल्या कृष्णाकाठी आली.

१८८७ च्या सुमारास विष्णू बुवांकडं शिकायला लागले. वय पंधरा. त्या काळातलं शिकणं म्हणजे तासाची शिकवणी नव्हती. गुरूच्या घरचं काम करायचं, गुरू देईल तेव्हा आणि देईल तेवढं घ्यायचं, आणि बाकी वेळ रियाज. लिहून घ्यायची पद्धत नव्हती. जे कानात बसलं ते आपलं, विसरलं ते गेलं. अशी साधारण नऊ वर्षं गेली. आवाज तयार झाला, पल्लेदार झाला, मोठ्या जमावाला पुरेल असा झाला. माईक नसलेल्या त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

पण याच काळात एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. विष्णूंना संस्थानचा आश्रय होता, त्यामुळं मानाच्या कार्यक्रमांना बोलावणं यायचं. अशाच एका समारंभाला त्यांना बोलावणं आलं, पण त्यांच्या गुरूंना नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की बुवा काय, साधे गवईच, त्यांना कशाला बोलवायचं, असा लोकांचा विचार होता. ज्यांच्या पायाशी बसून आपण शिकतो त्यांची समाजात एवढीच किंमत, हे त्यांना सहन झालं नाही, असं त्यांच्या चरित्रात सांगतात.

त्या काळी गवई म्हणजे दरबारात पगारी माणूस. राजाची मर्जी असेल तोवर ताट भरलेलं. मर्जी फिरली की उठायचं. वर गाणं बजावणं म्हणजे व्यसनी लोकांचा नाद, चांगल्या घरच्या पोरांनी तिकडं फिरकू नये, अशी समजूत.

संस्थान सोडलं, रस्ता धरला

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडलं. बसून खायला मिळत असताना सोडलं, हे ध्यानात घ्या. बरोबर एकदोन जोडीदार, तंबोरा आणि गळा. औंध, सातारा करत ते बडोद्याला पोचले. बडोद्याला राजघराण्यानं गाणं ऐकलं, मान केला. तिथंच दरबारी गवई म्हणून राहता आलं असतं. पण पुन्हा एका दरबारातून उठून दुसऱ्या दरबारात बसायचं नव्हतं. ते सौराष्ट्राकडं निघाले.

सौराष्ट्रात राजकोटला १८९७ च्या सुमारास त्यांनी एक वेगळाच प्रकार केला. गाण्याचा जाहीर कार्यक्रम ठेवला आणि त्याला तिकीट लावलं. शास्त्रीय गाण्याचा तिकीट लावून केलेला हा देशातला पहिला जाहीर कार्यक्रम, असं मानलं जातं.

आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर असं आहे. सगळा माल वर्षानुवर्षं एकाच व्यापाऱ्याच्या दारात टाकायचा आणि तो देईल तो भाव घ्यायचा, अशी गवयाची स्थिती होती. पलुसकरांनी माल थेट बाजारात नेला. एका राजाच्या मोठ्या बिदागीऐवजी शेकडो लोकांचे थोडे थोडे पैसे. त्यामुळं दोन गोष्टी झाल्या. गवई कुणा एकाचा बांधील राहिला नाही. आणि ज्याला दरबारात कधी पाय ठेवता आला नसता, असा साधा माणूस खिशातले पैसे देऊन हक्कानं गाणं ऐकू लागला.

लोकांना बोलवायचं तर कार्यक्रमही तसा पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांचे कार्यक्रम शिस्तीचे असत. ठरलेल्या वेळेला सुरुवात, नीटनेटका पोशाख, बैठकीत नशापाणी नाही. चीजांमधले शृंगाराचे शब्द बाजूला ठेवून भक्तीची पदं, भजनं त्यांनी मोठ्या प्रमाणात गायला घेतली. बायकापोरांसकट घरच्या सगळ्यांना घेऊन यावं असं गाणं त्यांनी मांडलं. वडिलांच्या कीर्तनाचा संस्कार इथं कामी आला असणार.

पुढं ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली करत ते पंजाबात उतरले. मथुरेला त्यांनी ब्रजभाषा समजून घेतली, कारण जुन्या चीजा बहुतेक त्याच भाषेतल्या. नुसता गळा फिरवून भागत नाही, आपण काय गातोय त्याचा अर्थ माहीत पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष.

लाहोरला शाळा काढली

५ मे १९०१. लाहोरमध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. मराठी मुलखापासून एवढ्या लांब, ना भाषा आपली ना माणसं. आणि शाळा कुणा राजाच्या खजिन्यावर नाही, तर लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांची फी आणि स्वतःच्या कार्यक्रमांची कमाई यावर.

सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. शाळा उघडायची, तंबोरा जुळवायचा आणि स्वतःच गात बसायचं, असे दिवस काढले. ठरलेल्या वेळी शाळा उघडायची ती उघडायचीच. मग हळूहळू शहरातली प्रतिष्ठित माणसं डोकावू लागली, आपली मुलं पाठवू लागली. न्यायाधीश, वकील यांच्या घरातली मुलं गाणं शिकायला येतात म्हटल्यावर बाकीच्यांचीही भीड चेपली.

या शाळेत दोन तऱ्हेचे विद्यार्थी होते. एक, रोज वर्गाला येऊन शिकून जाणारे. दुसरे, शाळेतच राहून गायक आणि शिक्षक होण्यासाठी तयार होणारे. या दुसऱ्यांना उपदेशक वर्ग म्हणत. त्यांच्याकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेत. जेवणखाण, राहणं, शिक्षण सगळं शाळेकडं. बदल्यात शिस्त कडक. पहाटे उठायचं, प्रार्थना, रियाज, आणि शिकून झाल्यावर दुसऱ्यांना शिकवायचं. म्हणजे गुरूच्या घरची जुनी पद्धतही ठेवली आणि तिला शाळेसारखा अभ्यासक्रमही लावला. त्यात गरिबाघरची पोरंही शिकली. पैसा नाही म्हणून विद्या अडली नाही.

गाणं लिहून ठेवता यावं म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. संगीत बालप्रकाश, राग प्रवेश अशी पुस्तकं काढली. संगीतामृत प्रवाह नावाचं मासिक चालवलं. जी विद्या गुरूच्या मर्जीशिवाय मिळत नव्हती ती छापून विकत मिळायला लागली. पुढं पंडित भातखंडे यांची स्वरलिपी सोपी म्हणून जास्त चालली, पण छापून वाटायचा रस्ता दाखवणाऱ्यांत पलुसकर पुढं होते.

मोठमोठे गायक आपण शिकवून तयार करू की नाही हे सांगता येत नाही, पण गाणं समजून ऐकणारे चांगले कान मात्र नक्की तयार करू, अशी त्यांची भूमिका होती. तानसेन कमी निघाले तरी चालतील, कानसेन पाहिजेत. हा विचार धंद्याच्या हिशेबानंही बरोबर होता. ऐकणारा तयार झाला तरच गाणारा जगेल.

मुंबई : मोठी इमारत, मोठं कर्ज

१९०८ मध्ये ते मुंबईला आले आणि तिथं गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. इथं शाळा झपाट्यानं वाढली. मुलींच्या आणि बायकांच्याही शिक्षणाची सोय केली. वाद्यं तयार करायचा आणि दुरुस्तीचा कारखाना, पुस्तकं छापायला छापखाना, राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा पसारा, सगळं एका छत्राखाली आणायचं ठरवलं. त्यासाठी सँडहर्स्ट रोडला स्वतःची इमारत उभी केली.

इमारतीला पैसा लागला आणि तो कर्जानं आला. कार्यक्रमाला जायचं, बिदागी आणायची आणि कर्जाच्या खात्यात भरायची, असं वर्षानुवर्षं चाललं. त्यांचं गाणं चालू होतं तोवर गाडा चालला. पण कर्जाचा हप्ता थांबत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

पुढं पुढं त्यांचं मन रामभक्तीकडं वळलं. अंगावर भगवी वस्त्रं आली, मैफिलींपेक्षा रामायण गाण्यात ते रमू लागले. नाशिकला पंचवटीत त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला. कार्यक्रमांची कमाई कमी झाली, कर्ज तसंच. शेवटी १९२४ च्या सुमारास मुंबईची इमारत सावकारांच्या ताब्यात गेली, लिलावात निघाली. ज्या वास्तूसाठी आयुष्यभर गळा चालवला ती गेली.

इथं थोडं थांबून विचार करावा असं वाटतं. पलुसकरांचा हिशेब कच्चा होता असं म्हणणं सोपं आहे. पण एकाच माणसाच्या गळ्यावर एवढी मोठी संस्था उभी होती, ही खरी अडचण होती. तो माणूस थांबला की येणारा पैसा थांबतो. गावातल्या कितीतरी संस्था, मंडळं, डेअऱ्या अशाच एका माणसावर चालतात आणि तो बाजूला झाला की बसतात. बिगर राजाश्रयाची शाळा काढणं त्यांना जमलं. पण आपल्यामागंही पैसा येत राहील अशी व्यवस्था लावणं राहून गेलं.

काँग्रेसचा मंच आणि रामधून

स्वातंत्र्याच्या चळवळीशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. काँग्रेसच्या अधिवेशनात वंदे मातरम् म्हणायला ते जात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनाचे अध्यक्ष मौलाना महंमद अली होते. धर्मात संगीताला मान्यता नाही म्हणून त्यांनी गाण्याला हरकत घेतली. पलुसकर थांबले नाहीत. ही कुणा एका धर्माची जागा नाही, राष्ट्राची सभा आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी गाणं पूर्ण केलं.

महात्मा गांधींच्या प्रार्थनेतली जी रामधून आज शाळेतल्या लहान पोरालाही येते, तिची प्रचलित चाल पलुसकरांची मानली जाते. त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीत शिकवत. १९३० च्या दांडी यात्रेत गांधीजींबरोबर चाललेल्या सत्याग्रहींमध्ये खरेही होते. तिथून ही धून गावोगाव गेली. एखाद्या चाल बांधणाऱ्याला यापेक्षा मोठं यश कोणतं? चाल लोकांची झाली, आणि बांधणाऱ्याचं नाव विचारायचीही कुणाला गरज राहिली नाही.

टीकाही झाली

त्यांच्यावर टीका करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. वर्गात पन्नास जणांना एकदम शिकवून गवई तयार होत नाही, असं जुन्या वळणाचे लोक म्हणत. गाण्याला भक्तीचा आणि शिस्तीचा रंग देताना, ज्या मुसलमान उस्तादांनी आणि कलावंत बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे गाणं जपलं, ते बाजूला पडले, असं आजचे अभ्यासक मांडतात. या म्हणण्यात तथ्य आहे. पलुसकरांची स्वतःची गायकीच मुळात हस्सू खाँच्या घरातून आलेली. घराघरात गाणं शिरलं हे त्यांचं काम मोठंच, पण ज्यांच्याकडून ते आलं त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे.

घरचं दुःख आणि शेवट

घरात मात्र सुख थोडं लाभलं. मुलं व्हायची आणि लहानपणीच जायची. वाचला तो एक मुलगा, दत्तात्रेय. २८ मे १९२१ चा जन्म. वडील गेले तेव्हा तो फक्त दहा वर्षांचा होता. वडिलांकडून पुरतं शिकायलाही मिळालं नाही. वडिलांच्या शिष्यांनी त्याला शिकवलं आणि तो पंडित द. वि. पलुसकर म्हणून नावारूपाला आला. १९५२ च्या बैजू बावरा सिनेमात उस्ताद अमीर खाँबरोबर त्यांची जुगलबंदी आहे. पण त्यांनाही आयुष्य कमीच लाभलं. १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले.

विष्णू दिगंबर शेवटच्या दिवसांत मिरजेला आले. जिथं डोळ्यांवर उपचार झाले, जिथं पहिला सूर लावला, तिथंच २१ ऑगस्ट १९३१ ला त्यांनी देह ठेवला. हाताशी इमारत नाही, पैसा नाही.

मग मागं राहिलं काय?

माणसं राहिली. पंडित ओंकारनाथ ठाकूर हे गुजरातमधल्या गरीब घरातलं पोर, ते देशातले नामांकित गायक झाले आणि बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं शिक्षण त्यांनी उभं केलं. मिरजेचे विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. मिरजेचेच बी. आर. देवधर यांनी मुंबईत शाळा काढली, कुमार गंधर्व त्यांच्याकडंच शिकले. कोल्हापूरचे नारायणराव व्यास ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळं घराघरात पोचले. उपदेशक वर्गातल्या कडक शिस्तीचा आणि नऊ वर्षांच्या कराराचा हा परतावा.

गुरू गेले त्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज हेच अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. आपल्या तालुक्यातली मुलं हार्मोनियम, तबला किंवा गाण्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात ना, त्या या मंडळाच्या. म्हणजे लिलावात गेली ती फक्त इमारत. शाळा अजून चालू आहे, आणि तिचे विद्यार्थी आपल्या गल्लीत आहेत. सरकारनंही १९७३ मध्ये त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं.

आज आपल्या गावागावांत भजनी मंडळं आहेत, बँजो पार्ट्या आहेत, मोबाईलवर गाणी टाकणारी पोरं आहेत. त्यांच्यासाठी या चरित्रात घेण्यासारखं बरंच आहे. आधी नऊ वर्षं शिका, मग बाहेर पडा. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहू नका. कार्यक्रम वेळेवर सुरू करा. आपली कला दुसऱ्याला शिकवा, ती शिकवल्यानं कमी होत नाही. आणि कर्ज काढताना, आपण उद्या आजारी पडलो तर हप्ता कोण भरणार, एवढं मात्र आधी बघा.

पुढच्या वेळी पलूसवरून जाल, वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाल किंवा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे टांगलेले बघाल, तेव्हा बरोबरच्या लेकरांना ही गोष्ट जरूर सांगा.